जी जगली, तिची शिळा कोठे आहे?

थ्रेड लांब आहे, सवडीने वाचावा. विषय यवतमाळ जिल्ह्यातील सैनिकांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या स्मरणाचा आहे. पण सुरुवात काही शतके मागे जाऊन करतो.

गावकुसाबाहेर, जुन्या महादेवाच्या देवळापाशी किंवा एखाद्या पिंपळाच्या पाराखाली शेंदूर फासलेले उभट दगड तुम्ही पाहिले असतील. त्यांतले कित्येक वीरगळ असतात. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सर्वसाधारणपणे तळाच्या चौकटीत धारातीर्थी पडलेला वीर दिसतो. कधी त्याच्यामागे गुरांची रांग कोरलेली असते, म्हणजे हा गडी गावची गुरे हाकून नेणाऱ्यांशी झुंजताना पडला. त्यावर लढाईचा प्रसंग, त्यावर अप्सरांसह स्वर्गाची वाट आणि सर्वांत वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर. माथ्यावर कलश, दोन्ही अंगांना चंद्र आणि सूर्य. हे दोघे असेपर्यंत याची कीर्ती राहील, असा त्याचा अर्थ.

महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळांवर एक गोष्ट मात्र नसते, ती म्हणजे नाव. कर्नाटकात लेख असलेले वीरगळ विपुल आहेत. आपल्याकडचे बहुतेक मुके आहेत. ज्या गावाने दगड उभा केला त्याला नाव ठाऊक होते, म्हणून ते लिहावेसे वाटले नसावे. चार पिढ्यांनी ते विसरले गेले आणि वीराचा म्हसोबा झाला.

वीरगळाच्या शेजारी पुष्कळदा दुसरा दगड असतो, सतीशिळा. खांबातून बाहेर आलेला, कोपरात वाकलेला, चुडा भरलेला हात. तो हात पतीबरोबर चितेवर गेलेल्या स्त्रीचा. या प्रथेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. कंपनी सरकारने १८२९ मध्ये तिला बंदी केली आणि १९८७ च्या कायद्याने तिचे उदात्तीकरणही गुन्हा ठरले. येथे मला निराळीच गोष्ट दाखवायची आहे. युद्धात पडलेल्यासाठी एक दगड होता, त्याच्यामागे जळून गेलेलीसाठी एक दगड होता. जी जळली नाही, जिने पुढची चाळीस वर्षे पेरणी केली, कर्ज फेडले, पोरे वाढवली, तिच्यासाठी कोणताच दगड नव्हता.

आजच्या आपल्या स्मरणपद्धतीतही हीच रिकामी जागा तशीच आहे, हे या थ्रेडचे म्हणणे आहे. आणि ती भरून काढण्याची संधी सातारा-कोल्हापूरपेक्षा यवतमाळसारख्या जिल्ह्याला अधिक आहे, असे माझे मत आहे. का, ते पुढे सांगतो.

आधी नावाचा प्रश्न पुरा करू.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी हिंदुस्थानातील अनेक गावांत लहान संगमरवरी फलक बसवले. मजकूर बहुतेक ठिकाणी एकाच ठशाचा : या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचा आकडा प्रसिद्ध आहे, ४६. गाव आजही अपशिंगे मिलिटरी म्हणून ओळखले जाते. परंतु फलकांचा हा ठसा पाहा. त्यावर गावाचे नाव आहे, संख्या आहे आणि माणसांची नावे नाहीत.

हा प्रकार केवळ खेड्यांपुरता नव्हता. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, आघाडीवर मराठा पलटणींनी फार मोठी किंमत मोजली. कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली आणि कैद झालेले असंख्य शिपाई पुढच्या पायपिटीत आणि छावण्यांत मेले. त्या आघाडीवर मृत्यू पावलेल्यांचे स्मारक बसऱ्याला आहे. तेथे ब्रिटिशांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. सामान्य हिंदी शिपायांची मात्र पलटणीच्या नावाखाली संख्या लिहिली गेली. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१ मध्ये चौकशी अहवाल प्रसिद्ध करून अशा भेदभावाबद्दल क्षमा मागितली. शंभर वर्षे उशिरा मागितली, पण मागितली. दिल्लीचे इंडिया गेट सुमारे ७० हजार सैनिकांच्या स्मृतीला वाहिलेले आहे. त्यावर नावे आहेत तेरा हजारांवर.

नाव कोरले की काय होते, याचे आपल्याकडचे ठळक उदाहरण भीमा कोरेगावचे. तो स्तंभ कंपनी सरकारने आपल्या विजयासाठी उभारला. पण त्यावर पायदळातील साध्या शिपायांची नावे आहेत आणि त्यांतील २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. त्यावरून ती महार शिपायांची नावे ओळखता आली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले. पुढे १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता. ज्यांनी दगड बसवला त्यांचा हेतू काहीही असो, नावे वाचणाऱ्यांनी त्यातून आपला अर्थ काढला. तेथे नुसती संख्या असती तर हे घडणे अवघड होते.

आता यवतमाळकडे येऊ.

या जिल्ह्याला लष्करी जिल्हा असे कोणी म्हणत नाही. कापूस, सागवान, जंगल सत्याग्रह, लोकनायक बापूजी अणे, वसंतराव नाईक, आणि अलीकडच्या काळात शेतकऱ्यांच्या आत्महत्या अशी त्याची ओळख. या ओळखीमागे इतिहास आहे. १९०५ पर्यंत हा ‘वणी जिल्हा’ होता, वऱ्हाडचा आग्नेय कोपरा. आणि वऱ्हाड इंग्रजांकडे कसे आले? १८५३ च्या तहाने निजामाने ते कंपनीच्या हवाली केले, ते ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाच्या फौजेचा खर्च भागवण्यासाठी. म्हणजे ज्या प्रांताची सैनिकी परंपरा नाही असे म्हटले जाते, त्याच्या कपाशीच्या महसुलावर एक आख्खी फौज पोसली जात होती! शिपाई इतरांचे, पैसा वऱ्हाडचा.

शिपाई इतरांचे का, तर इंग्रजांनी ‘लढाऊ जमाती’ नावाचे एक शास्त्र रचले होते. मराठी मुलुखात त्यांची भरती मुख्यतः कोकण, सातारा, पुणे, कोल्हापूर या पट्ट्यात चाले. वऱ्हाडातला कुणबी त्यांच्या लेखी जमीन कसणारा होता, लढणारा नव्हता. गोंड आणि कोलाम तर त्या हिशेबात बसतच नव्हते. हे शास्त्र खोटे होते, पण त्याचे परिणाम खरे झाले. जेथे भरती झाली तेथे पलटणीची परंपरा, पेन्शन, फलक आणि गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ आले. येथे ते आले नाही.

लढाई मात्र या जिल्ह्याने पाहिली होती. एप्रिल १८१८ मध्ये पळत निघालेल्या दुसऱ्या बाजीरावाच्या सैन्याला कर्नल अ‍ॅडम्सच्या फौजेने पांढरकवड्याच्या परिसरात गाठले आणि उधळून लावले. पेशवाईच्या अखेरच्या झटापटींपैकी ही एक. तिची आठवण आज त्या भागातल्या किती जणांना आहे, हे पांढरकवड्याच्या वाचकांनीच सांगावे.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. भरती खुली झाली आणि या जिल्ह्यातून मुले सैन्यात जाऊ लागली. पण ती एकेकटी गेली, वेगवेगळ्या पलटणींत विखुरली. कोणी महार रेजिमेंटमध्ये, कोणी मराठा लाइट इन्फन्ट्रीत, कोणी कामठीला केंद्र असलेल्या गार्ड्समध्ये, कोणी तोफखान्यात, कोणी सीआरपीएफमध्ये. साताऱ्याच्या गावात एका पलटणीचे वीस पेन्शनर पारावर बसून एकमेकांच्या गोष्टी पडताळून पाहतात. इकडे आख्ख्या गावात एकच फौजी असतो. त्याची गोष्ट पडताळायला कोणी नाही, आणि तो गेला की ती सांगायलाही कोणी नाही.

म्हणूनच येथे स्मरणाचे काम स्वयंसेवकांवर येऊन पडते. निवृत्त सुभेदार, हवालदार, एनसीसी सांभाळणारे शिक्षक, गणेशोत्सव मंडळातली पोरे, माजी सैनिकांच्या तालुका पातळीवरच्या संघटना. गावचा मुलगा तिरंग्यात लपेटून परत आला की हीच मंडळी धावतात. वर्गणी गोळा होते, चौकाला नाव मिळते, अर्धपुतळा बसतो, प्रजासत्ताक दिनी वीरमातेला शाल-श्रीफळ दिले जाते. सरकारी यंत्रणेत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, ७ डिसेंबरला ध्वजदिन असतो, निधी जमतो. पण गावात जे दिसते ते या लोकांच्या हातचे. त्यांच्याविषयी मला आदर आहे आणि पुढची टीका त्या आदरापोटीच आहे.

पहिली तक्रार किरकोळ. पुतळे सगळे सारखे असतात. तीच मिशी, तीच छाती, तीच टोपी, मग तो मुलगा बावीस वर्षांचा मिसरूड फुटलेला का असेना. आणि बॅनरवर अभिवादन करणाऱ्यांचे फोटो अभिवादन ज्याला करायचे त्याच्यापेक्षा मोठे. असो.

दुसरी तक्रार नावाचीच आहे. १८ सप्टेंबर २०१६ च्या उरीच्या हल्ल्यात महाराष्ट्राचे चार जवान गेले. त्यांत वणी तालुक्यातील पुरड गावचे विकास जनार्दन कुळमेथे होते. हल्ल्यानंतर प्रसिद्ध झालेली अधिकृत इंग्रजी नामावली पाहा. त्यात ते ‘के. विकास जनार्दन’ आहेत. साताऱ्यातील जाशी गावचे चंद्रकांत शंकर गलांडे हे ‘जी. शंकर’ झाले आहेत, म्हणजे मुलाचे नाव गळाले आणि बापाचे राहिले. नाशिक जिल्ह्यातील खडांगळीचे संदीप सोमनाथ ठोक ‘टी. एस. सोमनाथ’ आणि अमरावती जिल्ह्यातील नांदगाव खंडेश्वरचे पंजाब जानराव उईके नुसते ‘उईके जानराव’. लष्करी कागदांत आडनावाचे आद्याक्षर पुढे घेण्याची पद्धत असते, त्यात दुष्टावा नाही. पण शंभर वर्षांनी कोणी केवळ ती यादी घेऊन गाव शोधू लागला तर त्याला चंद्रकांत सापडणार नाही. कुळमेथे आणि उईके ही गोंड आडनावे आहेत. ‘के’ या एका अक्षरात हेही पुसले जाते, की ज्या समाजाला ‘लढाऊ’ यादीत जागाच नव्हती त्याचा मुलगा सीमेवर गेला.

२५ फेब्रुवारी २०१९ रोजी दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारकाचे उद्घाटन झाले. तेथील त्यागचक्रात पंचवीस हजारांहून अधिक नावे ग्रॅनाइटवर कोरलेली आहेत, नाव, हुद्दा आणि पलटण यांसह. उत्तम काम आहे. मात्र दगडावर गाव नाही. दिल्लीतल्या दगडाला यवतमाळातल्या गावाशी जोडणे हे काम दिल्लीत होणार नाही. ते पुरडला, पुसदला, घाटंजीला, उमरखेडलाच होऊ शकते. २०२३ च्या ‘मेरी माटी मेरा देश’ मोहिमेत गावोगाव शिलाफलक बसले, तेव्हा ही संधी चालून आली होती. ज्या गावात कोणी चार म्हाताऱ्यांना विचारून यादी केली, तेथे फलकाला अर्थ आला.

आता तिसरी आणि खरी तक्रार.

आपल्या मराठी लग्नात नव्या नवरीचे नाव ताटातल्या तांदळात लिहिण्याची चाल अनेक घरांत होती, काही घरांत अजून आहे. माहेरची कमल सासरी सुनंदा होते. घरात हे कोणाला खटकत नाही. पण नवरा सैन्यात असेल तर त्याच्या सेवाकागदांत, ज्याला ‘पार्ट टू ऑर्डर’ म्हणतात त्यात, लग्नाच्या वेळी जे नाव सांगितले गेले ते चढते. पुढे आधार कार्डावर दुसरे येते, बँकेत तिसरे. नवरा जिवंत असेतो सर्व ठीक. तो गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज होतो आणि कार्यालय विचारते, ही कमल कोण आणि ही सुनंदा कोण?

मग प्रतिज्ञापत्रे, गॅझेट, पलटणीच्या अभिलेख कार्यालयाशी पत्रव्यवहार. निवृत्तिवेतन आता ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीतून मिळते. अंगठा उमटत नाही, मोबाइल नातवाचा, ओटीपी पुण्याला. आणि दर वर्षी द्यायचा हयातीचा दाखला वेगळाच. हा शब्द नीट ऐका. तिच्यासाठी दगड नव्हता तो नव्हताच; आज ती जिवंत असल्याचे तिनेच दर वर्षी सिद्ध करायचे आहे.

त्यातही सगळ्या विधवा सारख्या नाहीत. शत्रूशी लढताना मृत्यू आला तर उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन, सेवेशी निगडित कारणाने आला तर विशेष, एरवी साधे. रकमांत मोठा फरक आहे. लष्कराच्या भाषेत एक ‘बॅटल कॅज्युअल्टी’ आणि दुसरी ‘फिजिकल कॅज्युअल्टी’. सीमेवर गोळी लागलेल्याचा पुतळा होतो. ड्युटीवर हृदयविकाराने गेलेल्याचा होत नाही, आणि त्याच्या बायकोला शाल देण्याचे कोणाला सुचत नाही. सीआरपीएफ वा बीएसएफच्या जवानाचे कुटुंब तर तांत्रिक अर्थाने माजी सैनिकांच्या कुटुंबांत मोडत नाही, कारण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय भूदल, नौदल आणि वायुदल यांच्यासाठी आहे. पुलवामात १४ फेब्रुवारी २०१९ रोजी जे चाळीस जण गेले ते सर्व सीआरपीएफचे होते. त्यांतले दोघे आपल्या वऱ्हाडातले, बुलडाणा जिल्ह्याचे : मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातील चोरपांग्राचे नितीन राठोड.

शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील पुलगावचा दारूगोळा भांडार आठवा. ३१ मे २०१६ च्या स्फोटात दोन लष्करी अधिकाऱ्यांबरोबर भांडाराच्या अग्निशमन दलातील कर्मचारी आगीशी लढता लढता गेले. त्यांना काय म्हणायचे? ‘शहीद’ ही अधिकृत संज्ञा सैन्यदलांतही नाही, हे केंद्र सरकारने संसदेत एकाहून अधिक वेळा स्पष्ट केले आहे. ‘हुतात्मा’ हा आपला मराठी शब्द सावरकरांनी घडवला असे मानले जाते. शब्द कोणताही घ्या, तो लावताना कागदावरच्या वर्गवारीला किती मान द्यायचा, हे गावाच्या हातात आहे. गावाने दिलेल्या स्मरणाला वर्गवारीची सक्ती नाही, आणि स्वयंसेवकांच्या कामाचे हेच मोठे बळ आहे. म्हणून त्यांनी सरकारी यादीचीच छोटी आवृत्ती काढू नये, असे मला वाटते.

घरच्यांपर्यंत पोचण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. मूळचे मराठवाड्यातले, बंगळूरुत राहणारे उमेश जाधव पुलवामानंतर स्वतःची गाडी घेऊन निघाले. साठ हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करून त्यांनी त्या चाळीसही जणांच्या घरची माती गोळा केली आणि १४ फेब्रुवारी २०२० रोजी पुलवामातील लेथपोरा येथे सीआरपीएफच्या हाती दिली. सरकारने पाठवले म्हणून ते गेले नव्हते. या उपक्रमात मला मातीपेक्षा उंबरा महत्त्वाचा वाटतो. ते प्रत्येक घराचा उंबरा ओलांडून आत गेले. दुसरे उदाहरण अनुराधा गोरे यांचे. त्यांचे पुत्र कॅप्टन विनायक गोरे १९९५ मध्ये काश्मिरात कामी आले. त्यांनी पुढे इतर तरुण अधिकाऱ्यांच्या आयुष्यांवर ‘वारस होऊ अभिमन्यूचे’ हे पुस्तक लिहिले. वीरमातेने स्वतः लेखणी हाती घेणे, ही गोष्ट मला कित्येक पुतळ्यांहून मोठी वाटते.

परदेशातले दोन दाखले देतो, कारण दोन्ही आपल्याशी जोडलेले आहेत. रायगड जिल्ह्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जुलै २०२३ मध्ये मोंतोने या इटालियन गावाने त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले. ज्या गावाला तो शिपाई कोण हे ठाऊक नसते तरी चालले असते, त्याने ते केले.

दुसरा दाखला पंजाबचा. पहिल्या महायुद्धात गेलेल्या सैनिकांची गाववार नोंद असलेली सव्वीस हजार पानांची रजिस्टरे लाहोरच्या संग्रहालयात दशकानुदशके पडून होती. ब्रिटनमधील पंजाबी वारसा जपणारी एक स्वयंसेवी संस्था आणि ग्रिनिच विद्यापीठ यांनी ती २०२१ मध्ये सार्वजनिक करायला सुरुवात केली. जालंधर, लुधियाना, सियालकोट अशा जिल्ह्यांपासून प्रारंभ झाला आणि लंडनमधल्या नातवंडांना पणजोबांचे गाव सापडले. त्या नोंदी शंभर वर्षांपूर्वी कोणा कारकुनाने गावोगाव करून ठेवल्या म्हणून आज शोध लागला.

यवतमाळची अशी गाववार वही तुम्ही करा, हे माझे सांगणे आहे. ‘तुम्ही’ म्हणजे हा थ्रेड वाचणारे, इतिहासाची आवड असलेले, ज्यांच्या खिशात कॅमेरा आणि ध्वनिमुद्रक एकत्र आहे असे तुम्ही. पुतळा वीस वर्षांनीही बसवता येईल. पण १९७१ च्या युद्धात विशीत असलेला शिपाई आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. १९६५ चा त्याहून थोर, १९६२ चा ऐंशीच्या पुढे. त्यांच्या पत्नी चारपाच वर्षांनी धाकट्या, पण तितक्याच थकलेल्या.

साधने जवळच आहेत. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेतील दाखल-खारीज रजिस्टरात मुलाचे खरे नाव आणि जन्मतारीख सापडते. जुने कोतवाल बुक मिळाले तर जन्ममृत्यूच्या नोंदी. घरात डिस्चार्ज बुक असते, त्यात सेवेचा सारा प्रवास असतो. पदके असतील तर त्यांची कड भिंगाखाली पाहा. अनेक पदकांच्या कडेवर क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. पहिल्या महायुद्धाचे पदक तांब्याच्या रंगाचे निघाले तर ते नकली समजून बाजूला टाकू नका. लढणाऱ्यांना चांदीचे मिळे; फौजेबरोबर गेलेल्या हिंदी मजुरांना, खेचरवाल्यांना, स्वयंपाक्यांना तेच पदक काशाचे दिले जाई. ‘लढाऊ’ न ठरवलेल्या मुलुखातली माणसे कदाचित याच वाटेने गेली असतील, तेव्हा त्या कडेवरचे नाव अधिकच जपून वाचा.

आणि मग तिला विचारा. तो कसा पडला हे तिला विचारू नका. ते तिने पाहिले नाही आणि तो प्रश्न तिला शंभर जणांनी विचारलेला आहे. तार आली तेव्हा घरी कोण होते? मनीऑर्डर किती यायची आणि ती कोण सोडवून घ्यायचे? पत्र वाचून कोण दाखवायचे? त्या वर्षी शेतात काय पेरले होते? दिराने जमीन वेगळी करून मागितली का? पेन्शनच्या पहिल्या पैशांतून काय घेतले? अक्षय्य तृतीयेला घागर मांडता तेव्हा त्याच्या आवडीचे काय करता? माहेरचे नाव काय? हा शेवटचा प्रश्न विसरू नका.

दोन पथ्ये. पेन्शनचा पीपीओ क्रमांक, आधार, बँकेचे कागद यांचे फोटो काढून इकडेतिकडे पाठवू नका. तिच्या भोळेपणावर टपलेले लोक आहेत. आणि ती ‘नको’ म्हणाली तर उठून यावे. स्मरण हा तिचा हक्क आहे, तिच्यावर बंधन नाही.

कोणी विचारील, की ज्या जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या विधवांची दाद लागत नाही, तेथे सैनिकांच्या विधवांचीच वही कशाला? प्रश्न रास्त आहे. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले, आणि तरीही ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ आत्महत्या असे दोन कप्पे कागदावर राहिलेच. वर सांगितलेल्या ‘बॅटल’ आणि ‘फिजिकल’ या कप्प्यांशी त्यांचे नाते उघड आहे. कित्येकदा दोघी एकाच गावात, एकाच धुऱ्याच्या अलीकडे-पलीकडे असतात. ज्याला सैनिकाच्या पत्नीचे ऐकण्याची सवय लागली तो धुऱ्यापलीकडचेही ऐकेल, असा मला भरवसा आहे. एकीला गप्प ठेवल्याने दुसरीचा आवाज वाढत नाही.

युद्धाचे उदात्तीकरण होईल, असाही आक्षेप येतो. पुतळ्याने ते होऊ शकते. मनीऑर्डरच्या पावतीने होते असे मला वाटत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना मालमत्ता करात सवलत देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२० मध्ये घेतला आहे. आपल्या ग्रामपंचायतीत ती लागू झाली आहे का, घरपट्टीच्या पावतीवर ती दिसते का, एवढे तपासणे हेही स्मरणाचेच काम आहे. त्याला वर्गणी लागत नाही.

तुमच्या गावात सैनिकाचा फलक, पुतळा किंवा नाव दिलेला चौक असेल तर त्याचा फोटो खाली लावा. अक्षरे वाचता येतील इतक्या जवळून काढा. वीरगळ असेल तर तोही चालेल, पण त्यावरचा शेंदूर खरवडू नका. फोटोसोबत गाव, तालुका आणि फलकावरचे नाव जसे आहे तसे लिहा. फलक वीस वर्षांपूर्वीचा असेल तर तो कोणी बसवला, वर्गणी कोणी काढली, हेही विचारून घ्या. कुटुंबाची संमती असेल तर पुढच्या ओळीत तिचे नाव लिहा, सासरचे आणि माहेरचे, दोन्ही.

(थ्रेड समाप्त. पुढचा थ्रेड वऱ्हाड आणि १८५३ च्या तहावर.)